व्यापार सवलत गेली की विकसनशील देशांनी काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीमंत देशांच्या बाजारात गरीब देशांच्या मालाला आयात शुल्कात सूट मिळते आणि एक दिवस ती जाते. मग नुकसान कुणाचं होतं, ते मोजायचं कसं आणि सरकारच्या हातात काय उरतं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना लांबण लागते.

ही सवलत म्हणजे नेमकं काय?

जागतिक व्यापार संघटनेचा मूळ नियम असा, की एका सदस्य देशाच्या मालाला जो शुल्कदर लावाल तोच सगळ्यांना लावायचा. याला ‘सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर’ असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात पसंतीबिसंती काही नसते, तो सगळ्यांना लागू असलेला साधा दर असतो. विकसनशील देशांच्या मालाला त्याहून कमी दर लावणं हा या नियमाला केलेला अपवाद. अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी १९६४ मध्ये अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेच्या पहिल्या परिषदेत ही कल्पना मांडली. १९६८ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या दुसऱ्या परिषदेत ठराव झाला. युरोपने १९७१ मध्ये आणि अमेरिकेने १ जानेवारी १९७६ पासून योजना सुरू केली. जीएसपी म्हणतात ती हीच. १९७९ पासून या अपवादाला गॅटमध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेआधीच्या व्यापार करारात, कायमचा आधार मिळाला.

त्यावर पुढे मजले चढत गेले. युरोपच्या योजनेत आज तीन थर आहेत : साधी जीएसपी, २७ आंतरराष्ट्रीय करार पाळणाऱ्यांसाठी जीएसपी प्लस आणि अल्पविकसित देशांसाठी शस्त्रं-दारूगोळा सोडून सगळं शुल्कमुक्त करणारी ईबीए. आफ्रिकेसाठी अमेरिकेने २००० मध्ये ‘आगोआ’ कायदा केला. जुन्या वसाहतींसाठी युरोपचा १९७५ चा लोमे करार होता.

लोमेसारखे अपवाद सोडले, तर यातलं बहुतेक सगळं एकतर्फी आहे. घेणाऱ्याने बदल्यात काही दिलेलं नसतं, त्यामुळे काढून घेतलं तर हक्काने मागण्यासारखं हातात फारसं काही नसतं.

सवलत जाते ती कशी?

बरेच रस्ते आहेत, आणि कुठल्या रस्त्याने गेली यावर पुढचं धोरण ठरतं.

पहिला रस्ता चांगल्या बातमीचा. देश सुधारतो आणि यादीतून वर सरकतो. अल्पविकसित देशांची संयुक्त राष्ट्रांची यादी १९७१ पासून आहे. दरडोई उत्पन्न, मानवी विकास आणि आर्थिक-पर्यावरणीय असुरक्षितता अशा तीन कसोट्यांवर दर तीन वर्षांनी आढावा होतो आणि लागोपाठ दोन आढाव्यांत पात्र ठरलेला देश बाहेर पडतो. भूतान १३ डिसेंबर २०२३ ला असाच बाहेर पडला.

दुसऱ्यात देश यादीत राहतो, पण त्याचा एखादा माल ‘आता पुरेसा तगडा झाला’ म्हणून वगळला जातो. भारताच्या कापडाची युरोपातली सवलत २०१४ पासून अशीच गेली; तयार कपड्यांची तेव्हा राहिली.

तिसरा रस्ता राजकीय. श्रीलंकेचं जीएसपी प्लस ऑगस्ट २०१० मध्ये मानवी हक्कांच्या मुद्द्यावर थांबलं आणि मे २०१७ मध्ये परत मिळालं. कंबोडियाची ईबीए सवलत १२ ऑगस्ट २०२० पासून अंशतः गेली, युरोपला होणाऱ्या निर्यातीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर. इथिओपियाला १ जानेवारी २०२२ पासून आगोआतून काढलं.

चौथा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून दुर्लक्षित : कायद्याची मुदत संपते आणि संसद नवा कायदा करत नाही. अमेरिकेची जीएसपी ३१ डिसेंबर २०२० ला अशीच संपली. आगोआला २०१५ मध्ये मिळालेली दहा वर्षांची मुदतवाढ ३० सप्टेंबर २०२५ ला सरली, तेव्हाही नवा कायदा हाती नव्हता.

पाचव्या रस्त्याने जाते तेव्हा कुणी काही काढूनच घेत नाही. त्याला स्वतंत्र प्रश्न हवा.

काढून न घेता सवलत जाते म्हणजे काय?

सवलतीची किंमत ठरते ती इतरांना किती शुल्क पडतं यावरून. कंबोडियाचा शर्ट युरोपात शून्य शुल्काने जातो आणि व्हिएतनामच्या शर्टाला शुल्क पडतं, तेव्हा मधला फरक ही कंबोडियाची कमाई. १ ऑगस्ट २०२० ला युरोप-व्हिएतनाम मुक्त व्यापार करार लागू झाला आणि व्हिएतनामी कपड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं. कंबोडियाच्या कागदावरचं शून्य शून्यच राहिलं, पण त्या शून्याचा भाव पडला. तारखा पाहा : करार लागू झाल्यापासून बाराव्या दिवशी कंबोडियाची सवलत अंशतः गेली. एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी.

याला सवलतीची झीज म्हणतात. तिची बातमी होत नाही, सरकारला पत्र येत नाही आणि निषेध करायला समोर कुणी नसतं. म्हणूनच ती जास्त घातक, असं माझं मत आहे.

जागतिक व्यापार संघटनेत दाद मागता येत नाही का?

सवलत काढली म्हणून सहसा नाही. सवलत देताना भेदभाव केला म्हणून मात्र येते, आणि ती दाद भारताने मागितली होती. युरोपने अमली पदार्थांविरुद्धच्या लढ्याच्या नावाखाली काही निवडक देशांना जादा सूट दिली. २००२ पासून त्यात पाकिस्तान आला आणि भारताने तक्रार केली. अपील मंडळाने एप्रिल २००४ मध्ये निकाल दिला : सगळ्या विकसनशील देशांना सरसकट एकच वागणूक द्यावी असं बंधन नाही, पण वेगळी वागणूक द्यायची तर तिला वस्तुनिष्ठ निकष हवेत आणि त्या निकषांत बसणाऱ्या कुठल्याही देशाला दार उघडं हवं. युरोपची बंद यादी या कसोटीवर टिकली नाही. तिच्या जागी जीएसपी प्लस आलं आणि २०१४ पासून पाकिस्तानला तेच मिळालं. खटला जिंकूनही बाजारातलं गणित फारसं बदलत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नुकसान मोजायचं कसं?

सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथे. वर्तमानपत्रात आकडा येतो : ‘अमुक अब्ज डॉलरच्या निर्यातीवर संकट’. तो आकडा सवलतीत बसणाऱ्या एकूण निर्यातीचा असतो, नुकसानीचा नव्हे.

भारताचंच घ्या. अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताची जीएसपी काढली, तेव्हा योजनेखाली वर्षाला साधारण ५.६ अब्ज डॉलरचा माल जात होता. त्यावर प्रत्यक्षात वाचणारं शुल्क भारत सरकारच्या म्हणण्याप्रमाणे १९ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे मालाच्या किमतीच्या तीन-साडेतीन टक्के. पहिला आकडा पाहून हबकायला होतं, दुसरा पाहून ‘फारसा फरक नाही’ असं म्हणावंसं वाटतं, आणि सरकार तसं म्हणालंही. पण सरासरी साडेतीन टक्क्यांत काही वस्तूंवर एक टक्का असतो आणि काहींवर सात-आठ. ज्याचा माल त्या सात-आठमध्ये बसतो त्याला सरासरी सांगून काय उपयोग?

म्हणून मोजणी वस्तूगणिक, शुल्काच्या यादीतल्या एकेका ओळीगणिक करावी लागते. एक शर्ट घेऊन पाहू. समजा, अल्पविकसित देशातला सुती टी-शर्ट तीन युरोंना युरोपच्या बंदरात उतरतो. ईबीएखाली शुल्क शून्य. देश यादीबाहेर पडून साध्या जीएसपीत आला तर कपड्यांवर नेहमीच्या १२ टक्क्यांऐवजी ९.६ टक्के, म्हणजे शर्टामागे २९ सेंट. तेही न मिळालं तर ३६ सेंट. आता हे २९ सेंट कुणी सोसायचे? खरेदीदार ब्रँड म्हणतो, दुकानातली किंमत वाढवता येत नाही, तुम्ही भाव उतरवा. साध्या कपड्यांच्या धंद्यात कारखान्याला सुटणारा नफा बहुधा एक आकडी टक्क्यांतच असतो, त्यामुळे ९.६ टक्के एकट्याने सोसणं त्याला जमत नाही. मग ओढाताण होते : थोडं ब्रँड सोसतो, थोडं कारखाना, थोडं कापडवाला, आणि बरंचसं ओव्हरटाइमच्या हिशेबातून निघतं.

उलट बाजूही पाहायला हवी. सवलत होती तेव्हा ते पैसे सगळे कारखान्याला मिळत होते का? आगोआखालच्या कपड्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की वाचलेल्या शुल्कातला साधारण एक तृतीयांश भागच निर्यातदारांच्या हाती पडत होता. बाकीचं खरेदीदारांकडे. म्हणजे सवलत जाते तेव्हा त्यातलं काही नुकसान मुळात तुमचं नसतंच. फक्त खरेदीदार ते तुमच्या माथी मारू पाहतो. भाव ठरवायला बसताना हे लक्षात असलेलं बरं.

शुल्क वाढलं तेवढंच नुकसान ना?

नाही. पुष्कळदा शुल्कापेक्षा मूळ देशाचे नियम जास्त बोचतात.

माल खरोखर तुमच्याच देशात तयार झाला, हे सिद्ध करायचे हे नियम. युरोपने २०११ पासून अल्पविकसित देशांना ते सैल केले : आयात कापड आणून नुसतं शिवलं तरी शर्ट तुमचा. साध्या जीएसपीत ही मोकळीक नाही. तिथे कापड विणणं आणि शिवणं, अशा दोन पायऱ्या देशात व्हाव्या लागतात. बांगलादेशात होजिअरीचं बरंचसं सूत आणि कापड देशातच तयार होतं, पण शर्ट-पँटसाठी लागणारं विणलेलं कापड मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं. त्यामुळे टी-शर्टवाला ९.६ टक्क्यांवर सुटू शकतो आणि शेजारचा पँटवाला नियमात न बसल्यामुळे थेट १२ टक्क्यांत जाऊ शकतो. देश एक, दिवस एक, धक्के दोन.

लेसोथोची गोष्ट याच वळणाची. आगोआखाली तिसऱ्या देशाचं कापड वापरायची मुभा मिळाली आणि त्या छोट्याशा डोंगराळ देशात जीन्स-टीशर्टचे कारखाने उभे राहिले. ती मुभा हाच सगळ्या उद्योगाचा पाया, कारण सवलत टिकली आणि मुभा गेली तर कारखान्यांना शिवायला कापडच उरत नाही. त्यात २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने लेसोथोवर ५० टक्के शुल्क जाहीर केलं. ऑगस्टमध्ये ते १५ वर आलं, पण मधल्या महिन्यांत ऑर्डर देणारा कोण थांबतो?

सवलत गेली की निर्यात कोसळतेच का?

नाही. श्रीलंकेची कपडे निर्यात २०१० नंतर वाढली. तिथल्या मोठ्या कारखानदारांनी आधीच अंतर्वस्त्रं आणि खेळाचे कपडे अशा मालाकडे मोहरा वळवला होता. अशा मालात खरेदीदार टक्काभर स्वस्त मिळालं म्हणून जागा बदलत नाही. लहान, साधा माल करणारे मात्र भरडले गेले. एकूण आकडा वर जातो आणि आत माणसं गळतात. मंत्री पहिला आकडा सांगतात, संघटना दुसरा, आणि दोघेही खरंच बोलत असतात.

मॉरिशसच्या साखरेचं उदाहरण सगळे का देतात?

कारण त्यात सगळं आहे : सुख, सूचना, धक्का, आणि एकाच धक्क्याला वेगवेगळ्या देशांनी दिलेली वेगवेगळी उत्तरं.

लोमे कराराच्या साखर प्रोटोकॉलखाली युरोप जुन्या वसाहतींकडून ठरलेली साखर ठरलेल्या भावाने घ्यायचा आणि तो भाव कित्येक वर्षं जागतिक बाजाराच्या कितीतरी पट असायचा. सगळ्यात मोठा कोटा मॉरिशसचा, पाच लाख टनांच्या जरा आत. मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर व्यवस्थेविरुद्ध तक्रार केली आणि २००५ मध्ये युरोप हरला. कच्च्या साखरेचा हमीभाव टनाला ५२३.७ युरो होता. तो चार हंगामांत ३६ टक्के उतरवून ३३५ युरोंवर आणायचं ठरलं. ३० सप्टेंबर २००९ ला प्रोटोकॉलच संपला.

म्हणजे तक्रार होती युरोपविरुद्ध, आणि करणारेही बहुतांशी विकसनशील देशच. मधल्या मध्ये सापडले भलतेच.

मॉरिशसने दहा वर्षांचा आराखडा केला. अकरा साखर कारखान्यांचे चार करायचे. ऊसतोड आणि कारखान्यांतल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीत रोख रकमेबरोबर जमिनीचा तुकडा. कच्ची साखर विकण्याऐवजी देशातच पांढरी शुद्ध साखर करायची आणि खास प्रकारच्या तपकिरी साखरा चढ्या भावाने विकायच्या. उसाच्या चिपाडापासून वीज करून ती ग्रिडला द्यायची. म्हणजे साखरेचा धंदा ‘उसाचा धंदा’ करायचा. हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात गावातला कारखाना बंद करणं म्हणजे काय, हे ज्यांनी साखर कारखान्याभोवती वसलेला मुलूख पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आणि मॉरिशसचंही सगळं गोड झालं नाही. ऊस सोडून दिलेल्या छोट्या शेतकऱ्यांच्या पडीक जमिनी तिथे नंतरही चर्चेत राहिल्या.

सेंट किट्सने २००५ चा हंगाम संपवून तीनशेहून जास्त वर्षांचा साखर उद्योग बंदच केला. त्या बेटाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता, असं मला वाटतं. हमीभावातसुद्धा तोट्यात चालणाऱ्या सरकारी धंद्याला भाव उतरल्यावर काय वाचवणार? फिजीची अडचण तिसरीच. उसाच्या जमिनींचे भाडेपट्टे संपत होते, शेतकरी उठत होते, आणि डिसेंबर २००६ च्या लष्करी बंडामुळे युरोपची मदतही अडली. तिथे सवलत जाणं हे आधीपासून चाललेल्या पडझडीवरचं शेवटचं ओझं ठरलं.

सवलत जाणार हे आधीच माहीत असतं. मग तयारी का होत नाही?

कारण सवलतीवर जगणारे लोक संघटित असतात आणि ती गेल्यावर जे नवे धंदे उभे राहू शकले असते त्यांची संघटना अजून जन्मायची असते. पहिल्या गटाचा सगळा जोर ‘आणखी पाच वर्षं मिळवा’ यावर. ती मिळतात, अधूनमधून खरंच मिळतात, आणि मग आधी तयारी करणारा वेडा ठरतो. त्यात मंत्र्याला आज कारखाना बंद होताना दिसतो तसा उद्या न उघडलेला कारखाना दिसत नाही.

मुदतवाढ मागू नये असं नाही. पण मागणीपत्राबरोबर खर्च उतरवायचा आराखडा नसेल, तर पाच वर्षांनी तेच पत्र फक्त तारीख बदलून पुन्हा पाठवावं लागतं.

मग मुक्त व्यापार करार करून सवलत पक्की करून टाकावी का?

शक्य असेल तर हो, कारण करार दोघांच्या सह्यांचा असतो आणि सहजासहजी एकतर्फी मागे घेता येत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. समोरच्याच्या मालाला तुमचा बाजार उघडावा लागतो, आणि ज्यांचा बराचसा महसूल सीमाशुल्कातून येतो त्या देशांना हे जड जातं.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची, आणि ती केनियाने भोगली. युरोपशी वाटाघाटी पूर्व आफ्रिकी समुदाय म्हणून एकत्र चालू होत्या. टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी हे अल्पविकसित. करार झाला नाही तरी त्यांना ईबीएखाली शून्य शुल्क मिळणारच होतं. घाई एकट्या केनियाला. १ ऑक्टोबर २०१४ ची मुदत हुकली आणि केनियाच्या गुलाबांवर युरोपात साडेआठ टक्क्यांपर्यंत शुल्क लागू झालं. गुलाब हा गोदामात ठेवून वाट पाहण्याचा माल नव्हे. त्याच महिन्यात वाटाघाटी पुऱ्या झाल्या आणि डिसेंबरच्या अखेरीस सवलत परत आली. मधले जवळजवळ तीन महिने निर्यातदारांनी खिशातून भरले. पुढे समुदायाची सहमती होईना, तेव्हा केनियाने स्वतंत्र करार केला. तो लागू झाला १ जुलै २०२४ ला. दहा वर्षं गेली.

निर्यातदारांना सरकारने थेट अनुदान द्यावं का?

मोह सगळ्यांना होतो. अडचण अशी, की निर्यातीशी बांधलेलं अनुदान जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत निषिद्ध आहे. सूट आहे ती अल्पविकसित देशांना आणि दरडोई उत्पन्न १९९० च्या डॉलरमध्ये हजारच्या आत असलेल्या काही ठरावीक देशांना. म्हणजे यादीतून वर सरकणाऱ्या देशाची बाजारातली सवलत आणि अनुदान देण्याची मुभा दोन्ही हातातून निसटू शकतात. भारताने ही उंबरठ्याची रेषा ओलांडली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तंटा निवारण समितीने त्याच्या बऱ्याच निर्यात योजनांविरुद्ध निकाल दिला. १ जानेवारी २०२१ पासून निर्यातीवर बक्षीस देणाऱ्या जुन्या एमईआयएस योजनेच्या जागी रोडटेप ही योजना आली. तिचं तत्त्व वेगळं : बक्षीस नाही, तर निर्यात मालात मुरलेले आणि इतर मार्गाने परत न मिळणारे कर परत करणं. असा परतावा नियमात बसतो.

नियम बाजूला ठेवले तरी अनुदानाचा एक दोष उरतो. ते सुरू करणारा मंत्री लोकप्रिय होतो, बंद करणारा पुढची निवडणूक हरतो.

चलनाचं अवमूल्यन केलं तर?

बाहेरच्या कापडावर आणि धाग्यावर चालणाऱ्या उद्योगाला त्याचा फायदा निम्माशिम्माच मिळतो, कारण कच्चा माल तेवढाच महागतो. महागाई मात्र सगळ्या देशाला पुरी भोगावी लागते. चलन मुद्दाम चढं धरून ठेवलं असेल तर ते सोडावं, हे खरं. पण एका उद्योगाच्या धक्क्यासाठी हे औषध फार जालीम.

सरकारच्या हातात सगळ्यात परिणामकारक असं काय आहे?

आपलंच आयात शुल्क आणि आपलंच बंदर. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, तरी सगळ्यात शेवटी आठवतं ते हेच.

तोच तीन युरोंचा शर्ट परत घेऊ. त्याच्या किमतीत ६० टक्के वाटा आयात कापड, धागा, बटणं, लेबलं यांचा आहे असं धरा, म्हणजे १ युरो ८० सेंट. त्यावर देश स्वतःच १० टक्के शुल्क घेत असेल तर शर्टात १८ सेंट आपल्याच कस्टम्सचे. युरोपने मागितलेले २९ सेंट माफ करून घ्यायला ब्रुसेल्सला चकरा माराव्या लागतात. हे १८ सेंट माफ करायला आपल्याच अर्थखात्याची एक अधिसूचना पुरते.

‘पण निर्यातदारांना ड्यूटी ड्रॉबॅक आहे, बॉण्डेड वेअरहाऊस आहे,’ असं उत्तर येतं (पहिल्यात भरलेलं शुल्क निर्यातीनंतर परत मिळतं, दुसऱ्यात कच्चा माल शुल्क न भरताच आणता येतो). असतं, मोठ्यांना. बांगलादेशच्या तयार कपड्यांची भरभराट बऱ्याच अंशी या बॉण्डेड गोदामांवर आणि बॅक-टू-बॅक एलसीवर (परदेशी खरेदीदाराच्या पतपत्राच्या जोरावर कच्च्या मालासाठी उघडलेल्या दुसऱ्या पतपत्रावर) झाली. पण तीच सोय चपला, पिशव्या, प्लॅस्टिकचा माल करणाऱ्या लहान कारखान्याला मिळवायची म्हटली, की परवाना, हमी, तपासणी आणि वर्षाचा हिशेब यांत त्याचा जीव जातो. तो ड्रॉबॅकच्या वाटेला जातो आणि परतावा महिनोन्महिने अडकतो. शेवटी तो ठरवतो, निर्यात नकोच. देशात आयात शुल्काच्या भिंतीआड भाव बरा मिळतो. एकाच मालावर जगणारा देश असा घडतो, आणि त्याच मालाची सवलत गेली की दुसरं काही विकायला नसतं.

बंदराचं तसंच. कंटेनर चार दिवस जास्त अडकला आणि माल विमानाने पाठवायची पाळी आली, तर त्या ऑर्डरमधला नफा तिथेच संपतो. मग शुल्क शून्य असलं काय आणि नऊ टक्के असलं काय.

धक्का बसलेल्या देशांना भरपाई मिळते का?

मिळते, पण तिला भरपाई म्हणत नाहीत. साखर प्रोटोकॉलमधल्या १८ देशांसाठी युरोपने काही वर्षं मदत योजना चालवली, केळी पिकवणाऱ्या दहा देशांसाठी १९ कोटी युरोंची वेगळी. डिसेंबर २००५ च्या हाँगकाँग परिषदेपासून ‘व्यापारासाठी मदत’ हा कार्यक्रम आहे. नाणेनिधीने २००४ मध्ये सवलती झिजल्याने परकीय चलनाची चणचण भासणाऱ्यांसाठी खास सोय काढली, बांगलादेश त्यातला पहिला. पण ते कर्ज होतं, आणि पुढे फार कुणी त्या वाटेला गेलं नाही. दुसऱ्याने सवलत काढायची आणि त्यापायी आपण कर्ज काढायचं, हे कुणाला पटणार?

मदत मिळालीच तर ती येईपर्यंत धक्का बसून गेलेला असतो. कॅरिबियनमधल्या केळीवाल्या बेटांवर कित्येक शेतकरी तोवर केळी सोडून गेले होते.

कामगारांचं काय?

सवलतीवर उभ्या असलेल्या कपडे उद्योगात बहुतेक कामगार तरुण बायका आहेत, खेड्यातून आलेल्या. इथिओपियातलं हवासा औद्योगिक संकुल अशाच मुलींनी भरलं होतं. आगोआ जाणार हे जाहीर झालं त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तिथल्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीने गाशा गुंडाळला. कारण होतं उत्तरेतलं युद्ध. त्या मुलींचा युद्धाशी काय संबंध? मानवी हक्कांसाठी सवलत काढणाऱ्यांना हा प्रश्न विचारला जातो आणि समाधानकारक उत्तर मला तरी अजून सापडलेलं नाही. अर्थात, सवलत काढायची धमकी काही ठिकाणी कामी आली आहे, हेही नाकारता येत नाही.

धोरण म्हणून सांगायचं, तर कारखान्याला दिलेला पैसा कामगारापर्यंत पोहोचेलच असं नाही. थकीत पगार आणि ग्रॅच्युइटीची हमी देणारा निधी चांगल्या दिवसांत, ऑर्डरी भरलेल्या असताना उभा करावा लागतो. कारखाना बंद पडल्यावर मालकच सापडत नाही.

नव्या बाजारपेठा शोधणं हा उपाय नाही का?

आहे, पण हळू चालणारा. भारताची अल्पविकसित देशांसाठीची शुल्कमुक्त योजना २००८ पासून आहे. चीनने १ डिसेंबर २०२४ पासून राजनैतिक संबंध असलेल्या अल्पविकसित देशांना सर्व वस्तूंवर शून्य शुल्क दिलं. मात्र या दोन्ही सवलतीही यादीतल्यांसाठीच, आणि जो देश यादीतून बाहेर पडतोय त्याची अडचण नेमकी तीच.

बांगलादेशच्या बाबतीत तारखा काय आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांच्या यादीबाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ठरवली. कोविडमुळे नेहमीच्या तीनऐवजी पाच वर्षं तयारीला दिली. युरोप त्यानंतर आणखी तीन वर्षं ईबीए चालू ठेवतो, म्हणजे त्या हिशेबाने २०२९ पर्यंत. पुढे जीएसपी प्लस मिळालं तर बऱ्याचशा मालाला शून्य शुल्क टिकेल, पण मूळ देशाचे कडक नियम लागतीलच. औषध उद्योगालाही पेटंटमधली सूट सोडावी लागेल. ती अल्पविकसित देशांना १ जानेवारी २०३३ पर्यंत आहे, बाहेर पडलेल्यांना नाही.

आम्ही लहान निर्यातदार आहोत. आज काय करावं?

आधी आपल्या मालाचा आठ आकडी एचएस कोड (आयात-निर्यातीत मालाची ओळख सांगणारा क्रमांक) काढा आणि त्यावर सवलतीचा आणि सवलतीविना असे दोन्ही दर शेजारी लिहा. पुष्कळांना कळतं, की आपल्या मालावर मूळ दरच शून्य आहे आणि आपण उगाच प्रमाणपत्राचा खर्च करत होतो. मग मुख्य प्रतिस्पर्धी देशाचा दर तिसऱ्या रकान्यात. सवलतीचा खरा फायदा पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या फरकात दिसतो, आणि ती गेल्यावर तुम्ही कुठे उभे राहाल ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या फरकात.

पुढच्या ऑर्डरच्या करारात, शुल्क बदललं तर कोण भरणार, याची ओळ घाला. माल समुद्रात असताना सवलत संपली तर जुना दर लागू होईल हे गृहीत धरू नका; प्रत्येक योजनेचा नियम वेगळा असतो. अमेरिकेची जीएसपी पूर्वी कित्येकदा खंड पडून मागच्या तारखेने पुन्हा सुरू झाली आणि भरलेलं शुल्क परत मिळालं, पण ते परत मिळतं आयातदाराला. त्यातला तुमचा वाटा किती, हेही त्याच करारात लिहून घ्या.